इंजिन सगळ्यात शेवटी निवडावं

पोरी, तुझ्या कॅमेरोत कोणतं इंजिन टाकायचं, हे तू फोनवर विचारलंस आणि मी सरळ उत्तर दिलं नाही. एका वाक्यात उत्तर देणारी माणसं तुला या मिशिगनमध्ये पावलोपावली भेटतील. कोणी म्हणेल एलएस टाक, कोणी म्हणेल साडेतीनशेला पर्याय नाही. त्यांचं खोटं नसतं, पण ते आपापल्या गाडीबद्दल बोलत असतात. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते फ्लिंटचे म्हातारे मशीनिस्ट वेगळंच सांगायचे. त्यांचं म्हणणं, इंजिन सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी पत्रा बघायचा, मग कायदा, मग मागचा अ‍ॅक्सल, मग गिअरबॉक्स, मग पेट्रोलचा पंप आणि रेडिएटर. एवढं झालं की इंजिन बहुतेक आपलं आपण ठरतं. ते आता नाहीत. त्यांच्याकडून आलेलं आणि पुढे माझ्या हाताखाली खरं ठरलेलं तुला लिहून देतो. तुझी आई म्हणते गाडी विकून टाक. तिला म्हणावं, मामा लक्ष घालतोय.

सुरुवातीला जुनं इंजिन खरंच गेलंय का ते बघ. गाडी हायवेवर तापते म्हणून ते संपलं असं तू धरून चालली आहेस. तुझी १९८९ ची आरएस ज्या पिढीतली आहे, म्हणजे १९८२ ते १९९२ ची, त्या कॅमेरोंना समोरून हवा घ्यायला जागा जवळजवळ नाहीच. रेडिएटरला लागणारी हवा बंपरच्या खालून येते. तिथे खाली काळ्या प्लास्टिकची एक पट्टी आडवी लोंबते, तिला एअर डॅम म्हणतात. रस्त्यालगतची हवा अडवून ती वर रेडिएटरकडे वळवते. पार्किंगच्या ठोकळ्याला घासून ती तुटते, आणि तुटली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वाकून बघितल्याशिवाय ती दिसतच नाही. मग गाडी गावात थंड चालते आणि सत्तर मैलांच्या वेगाला काटा चढू लागतो. किती लोकांनी एवढ्यावरून इंजिनं उतरवली असतील कोण जाणे. तेव्हा जमिनीवर पाठ टेक आणि पट्टी जागेवर आहे का ते आधी बघ.

मग कॉम्प्रेशन घे. इंजिन गरम कर, आठही प्लग काढ, इग्निशन आणि इंजेक्टरची वायर सोड, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव. बॅटरी चार्ज असू दे, नाहीतर शेवटचे आकडे उगाच कमी येतात. आठही आकडे कागदावर लिही. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या सत्तर टक्क्यांखाली नसावा, आणि कुठलाच शंभर पीएसआयखाली नसावा. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड आणि पुन्हा मोज. आकडा वर आला तर रिंगा गेल्या. तिथेच राहिला तर वाल्व. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. नुसतं गॅस्केट गेलं असेल तर हा सगळा खटाटोपच वाचतो.

इंजिन खरंच बसलंय असं ठरलं, तर पत्र्याकडे वळ. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते आधी खालचा पत्रा खातं. तुझ्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. बोनेट उघडून स्ट्रट जिथे टेकतो ते दोन्ही मनोरे बघ, मग गाडी वर घेऊन फ्लोअरच्या कडा आणि मागच्या स्प्रिंगांच्या बैठका स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. टोक आत गेलं तर इंजिनाचे पैसे आधी वेल्डिंगकडे वळवायचे. तुझ्या गाडीला टी-टॉप आहे, म्हणजे छपराचा आधार कमी. जास्त ताकदीचं इंजिन टाकायचं असेल तर सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करून घे, नाहीतर दोन उन्हाळ्यांत काचा पाणी गाळू लागतील.

कायद्याचं मिशिगनमध्ये थोडक्यात आहे. इथे दरवर्षीची धुराची तपासणी नाही. तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं देशभर बेकायदाच आहे, आणि तुझ्याकडून ते होऊही नये. पण तू पुढेमागे कॅलिफोर्नियात नोकरी बघणार म्हणतेस, म्हणून तिथला नियम आजच लक्षात घे. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना तिथे धुराच्या तपासणीतून सूट आहे, तुझीला मिळणार नाही. बदललेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आधीचं चालत नाही. इंजिन ज्या गाडीतून आलं त्या गाडीवरची धूर रोखणारी सगळी सामग्री सोबत यायला हवी, आणि ते तुझ्या गाडीपेक्षा ढिल्या नियमात बसवलेलं नसावं. मग तिथल्या रेफरीकडे, म्हणजे राज्याच्या अधिकृत तपासनीसाकडे, गाडी दाखवून दाराच्या चौकटीवर शिक्का घ्यायचा. म्हणजे १९७० चं नामी साडेतीनशे तुला कोणी फुकट दिलं, तरी त्या राज्यात गाडी रस्त्यावर येणार नाही. ज्या गाडीतून इंजिन काढशील तिचं साल आणि तिचा व्हीआयएन नंबर लिहून ठेव, फोटो काढून ठेव, पावती जपून ठेव.

आता तू गाडी चालवणार कशी? हे मला तू नीट सांगितलेलं नाहीस. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते, १९९५ पासून. तिथे तू माझ्याबरोबर आली आहेस, गाड्या तासन्‌तास कशा रांगतात ते बघितलं आहेस. मोठा कॅम टाकलेल्या गाड्या तिथे उभ्या राहून गुरगुरतात, ऐकायला छान वाटतं, पण त्यांचे मालक सगळा वेळ टेंपरेचरच्या काट्याकडे बघत असतात. तुला रविवारी चालवायची, कधीतरी मॅकिनॉच्या पुलापर्यंत जाऊन यायचं आणि एसी चालू ठेवायचा असेल, तर तुला दीड ते साडेचार हजार आरपीएमच्या मधला टॉर्क हवा. सहा हजाराला मिळणारी हॉर्सपॉवर तुझ्या पायाखाली वर्षातून दोनदा येईल. आणि आकडे वाचताना साल बघ. १९७१ पर्यंतचे आकडे ग्रॉस असत, म्हणजे फॅन, अल्टरनेटर, सायलेन्सर काहीही न लावता टेबलावर मोजलेले. १९७२ पासून ते नेट झाले, गाडीत जसं बसतं तसं मोजलेले. जुन्या जाहिरातीतल्या तीनशेची तुझ्या १७० हॉर्सपॉवरशी तुलना करून उदास होऊ नकोस.

मागचा अ‍ॅक्सल ही या गाडीची दुखरी जागा. दहा बोल्टचा, रिंग गिअर साडेसात इंची. तुझ्या १७० हॉर्सपॉवरला तो पुरतो, अडीचशेलाही शहाण्यासारखं चालवलंस तर पुरेल. चारशेचं इंजिन लावून चिकट टायरवर सिग्नलला पाय आपटलास तर तो टिकणार नाही. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. म्हणून आधी ठरव, अ‍ॅक्सल बदलायला पैसे आहेत का? नसतील तर इंजिन तीनशेच्या आत ठेव. ऑटोमॅटिक आरएसना बहुतेक २.७३ चं गुणोत्तर असतं. ते ३.४२ केलंस तर तुझं आत्ताचं इंजिनसुद्धा वेगळं वाटेल. त्यासाठी आतलं कॅरिअरही बदलावं लागतं, कारण २.७३ च्या कॅरिअरवर तो गिअर नीट बसत नाही. भाव विचारताना हे धरून विचार.

गिअरबॉक्स तुझा ७००-आर४. चांगला आहे, पण त्याची एक वायर जपायची असते. थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी ती टीव्ही केबल. लोकांना वाटतं ती फक्त पाय दाबल्यावर खालच्या गिअरला आणते. ती तेवढंच काम करत नाही. पाय किती दाबलाय ते तीच गिअरबॉक्सला कळवते, आणि त्यावर आतला ऑइलचा दाब ठरतो. नवीन इंजिनावर नवीन थ्रॉटल बसवला आणि केबलचा कोन चुकला, तर दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि नवाकोरा गिअरबॉक्स थोड्याशा मैलांत जळतो. म्हणून इंजिनवाल्याला पहिला प्रश्न हा विचारायचा, "टीव्ही केबलचं ब्रॅकेट कुठलं देणार?" उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा बघ. अजून एक गोष्ट. या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलचा टॉर्क आर्म गिअरबॉक्सच्या शेपटाला बांधलेला असतो. त्यामुळे दुसरा गिअरबॉक्स घेतलास की त्या आर्मला नवी जागा करावी लागते.

एवढं झाल्यावर इंजिनांकडे येऊ.

तुझं ३०५ आणि सगळ्यांचं लाडकं ३५० ही सख्खी भावंडं. शेव्हरोलेचा स्मॉल ब्लॉक १९५५ मध्ये २६५ घनइंचांचा म्हणून आला, ३५० आलं १९६७ मध्ये, तेही कॅमेरोतच. ३०५ आलं १९७६ मध्ये, पेट्रोल आणि धूर दोन्ही कमी करायच्या दिवसांत. दोघांचा स्ट्रोक ३.४८ इंच. फरक बोअरचा, ३५० चा चार इंच आणि ३०५ चा ३.७३६. अरुंद बोअरमध्ये मोठे वाल्व सिलिंडरच्या भिंतीला खेटतात, म्हणून ३०५ वर हेड-कॅमचा कितीही खर्च केला तरी परतावा कमी. ३०५ पुन्हा बांधायला जेवढी मजुरी लागते जवळपास तेवढ्याच मजुरीत ३५० बांधून होतं. म्हणून ३०५ बांधू नकोस असं मी सांगेन. त्याला अपवाद एकच, गाडी मूळ रूपात जपायची असेल तर. तसं असेल तर ब्लॉकवरचा गाडीचा नंबर जपायला हवा.

३५० बाहेरून तेवढंच. तुझे माउंट, तुझा रेडिएटर, तुझी ब्रॅकेटं, तुझा गिअरबॉक्स, सगळं बसतं. पण स्मॉल ब्लॉक म्हणजे सगळं सगळ्याला बसतं असं जे सांगतात, त्यांच्यावर पूर्ण विसंबू नकोस. १९८६ पासून क्रँकच्या मागचं ऑइल सील एकसंध झालं, त्याआधी दोन तुकड्यांचं असायचं. त्यासोबत क्रँकच्या मागच्या बोल्टांचं वर्तुळ बदललं, ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं, आणि बॅलन्सचं थोडं वजन फ्लेक्सप्लेटवर गेलं. तुझी फ्लेक्सप्लेट एकसंध सीलची आहे. जुना ब्लॉक घेतलास तर ती बसणार नाही, दुसरी घ्यावी लागेल. १९८० च्या आधीच्या ब्लॉकवर ऑइलची काडी ड्रायव्हरच्या बाजूला, तुझ्याकडे पॅसेंजरच्या बाजूला. १९८७ पासून इनटेक मॅनिफोल्डच्या मधल्या चार बोल्टांचा कोन बदलला. यातलं काहीच अशक्य नाही, पण प्रत्येक गोष्टीसाठी एक शनिवार जातो आणि दुकानात एक फेरी होते. म्हणून तुला १९८७ नंतरचाच ब्लॉक हवा.

त्यातही रोलर कॅमचा. सपाट टॅपेटचा कॅम पहिल्या सुरुवातीला जपावा लागतो. इंजिन सुरू होताच दोन हजार आरपीएमवर वीस-तीस मिनिटं धरायचं, आयडलला येऊ द्यायचं नाही, ऑइलमध्ये झिंकचं प्रमाण चांगलं हवं. एवढं करूनही एखादा लोब खरवडला जातो आणि त्याचा चुरा साऱ्या बेअरिंगांतून फिरतो. रोलरला ही भीती नाही. तुझं ३०५ रोलरचंच आहे, म्हणून तुझा डिस्ट्रिब्युटरही रोलर कॅमला चालेल. मात्र १९८७ ते १९९५ चं ट्रकातलं ३५० घेतलंस, तर ब्लॉकमध्ये रोलरसाठी उंचवटे ओतलेले असूनही आत सपाट टॅपेट निघतात. मॅनिफोल्ड काढून डोळ्यांनी बघ.

माझी पसंती १९९६ ते २००० च्या ट्रक आणि सबर्बनमधल्या व्होर्टेक ५.७ ला, ज्याला एल३१ म्हणतात. रोलर आहे, सील एकसंध आहे, आणि त्याची लोखंडी हेड कंपनीने त्या काळात काढलेल्यांत सगळ्यात चांगली. कंपनीच्या ट्रकात ते २५५ हॉर्सपॉवर द्यायचं. त्या हेडना मॅनिफोल्ड आठ बोल्टांचं लागतं, तुझं बसणार नाही. टीबीआय, म्हणजे तुझ्या गाडीतली थ्रॉटलवरच पेट्रोल सोडणारी इंजेक्शनची व्यवस्था, बसेल असं व्होर्टेकचं मॅनिफोल्ड मिळतं, ते घे. हेड मशीन शॉपमध्ये देऊन वाल्वच्या बैठकीपाशी तडा आहे का ते तपासून घेतल्याशिवाय बांधू नकोस. मूळ स्प्रिंगांवर साधारण ०.४५० इंचांपेक्षा जास्त लिफ्टचा कॅम घालू नकोस.

टीबीआय ठेवणार असशील तर ३०५ चे इंजेक्टर ३५० ला कमी पडतात. इंजिन वरच्या आरपीएमला अपुऱ्या पेट्रोलवर चालेल आणि तुला कळणारही नाही. ५.७ चे इंजेक्टर आणि कॉम्प्युटरमध्ये त्याला जुळणारा चिप, हे दोन्ही बदलायचेच. कॅम सौम्य ठेव. तुझा कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवरून हवेचा अंदाज बांधतो. मोठ्या कॅमने व्हॅक्यूम पडला की तो गोंधळतो आणि सिग्नलला गाडी हेलकावे खाते. पाण्याचा पंप घेताना उलट फिरणारा घे. तुझा बेल्ट सर्पेंटाइन आहे, तो पंपाला उलटा फिरवतो. जुन्या धाटणीचा पंप दिसायला तसाच असतो, बसतोही, आणि मग इंजिन का उकळतं ते कुणाला सापडत नाही.

एलएसबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण तुझ्या मित्रांनी तुझ्या डोक्यात तेच भरवलंय. इंजिन म्हणून ते उत्तमच. १९९७ च्या कॉर्वेटमध्ये आलं आणि पुढच्या वर्षी कॅमेरोत. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, जुन्या लोखंडी स्मॉल ब्लॉकपेक्षा साधारण शंभर पौंडांनी हलका, १९९८ च्या झी-२८ ला ३०५ हॉर्सपॉवर, तेही पेट्रोल कमी पिऊन. १९९९ पासूनच्या सिल्व्हराडो ट्रकातलं लोखंडी ५.३, म्हणजे एलएम७, भंगारवाड्यात अजून स्वस्तात मिळतं. पण हिशेब पूर्ण मांड. तुझ्या टाकीतला पंप नऊ ते तेरा पीएसआय देतो, एलएसला ५८ लागतात, म्हणजे टाकी खाली उतरवून पंप आणि लाइन बदलायची. ट्रकचा ऑइल चेंबर खोल, तो कॅमेरोखाली रस्त्याला लागतो, तेव्हा १९९८ ते २००२ च्या कॅमेरोचा चेंबर शोधायचा. ट्रकचं मॅनिफोल्ड उंच, बोनेटला भिडतं. माउंटना पट्ट्या लागतात. क्रँकचा मागचा टोकाचा भाग जुन्यापेक्षा ०.४ इंच आत असल्याने तुझ्या गिअरबॉक्सला स्पेसर किंवा वेगळी फ्लेक्सप्लेट लागते. मग वायरिंग, कॉम्प्युटरमधली चावीची चोरबंदी काढणं, एक्झॉस्ट, एसीच्या नळ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुझ्याजवळ अपघातात गेलेली २००० च्या आसपासची अख्खी कॅमेरो किंवा फायरबर्ड आली, तर मात्र बेलाशक कर. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, चेंबर, कॉम्प्युटर, पेडलपर्यंत सगळं एकाच गाडीतलं मिळतं. ट्रकचं सुटं ५.३ घेऊन एकेक वस्तू जमवत बसशील, तर गाडी दोन हिवाळे गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून राहील. आणि ५.३ घेतलंच तर जुन्या सालाचं घे. नंतरच्या काळात त्यांत चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आली, तिचे लिफ्टर त्रास देतात. जुन्यांमध्येही हेडवर ७०६ हा आकडा दिसला तर कास्टेक या ओतकाम करणाऱ्या कंपनीची खूण शोध. त्या हेडना तडे जाऊन कूलंट आतल्या आत ऑइलमध्ये उतरतं, बाहेर थेंबही दिसत नाही.

१९९३ ते १९९७ च्या कॅमेरोतलं एलटी१ तुला कोणी देऊ करेल. चालतं चांगलं, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर पाण्याच्या पंपाच्या खाली बसवलेला आहे. पंप गळला की पाणी थेट त्यावर पडतं. नको घेऊस.

भंगारवाड्यात जाशील तेव्हा अर्ध्या इंचाचा लांब दांडा आणि पाच-अष्टमांश इंचाचा सॉकेट ने. स्मॉल ब्लॉकच्या क्रँकच्या पुढच्या बोल्टला तोच लागतो. एलएसचा बोल्ट २४ मिलिमीटरचा, तोही सोबत असू दे. प्लग काढलेले असताना क्रँक घड्याळाच्या दिशेने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरव. हाताला सगळीकडे सारखा विरोध लागला पाहिजे. एकाच जागी अडकत असेल तर तिथे वाल्व पिस्टनला टेकतोय किंवा बोअरला गंज धरलाय. ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला बोट फिरव. पिवळसर साय दिसली तर पाणी आत शिरलंय किंवा गाडी वर्षानुवर्षं दोन मैलांच्या फेऱ्यांवरच चालली. काळा कडक थर म्हणजे ऑइल बदललंच नाही. चेंबरचा बोल्ट सैल करून पहिलं थोडं ऑइल तळहातावर घे आणि उन्हात तिरपं धर. चंदेरी कण म्हणजे बेअरिंगचा वरचा थर, तांबूस कण म्हणजे खालचा. तांबूस दिसलं की सॉकेट पिशवीत टाक आणि घरी ये. ऑइल फिल्टर सोबत आणता आला तर कापून त्याचा कागद उलगड, तो ऑइलपेक्षा जास्त बोलतो. ब्लॉकच्या बाजूच्या टोप्या गंजून ओल्या असतील तर आतलं पाणी कित्येक वर्षं बदललेलं नाही.

विकणारा म्हणेल हे ३५०. रंगावरून किंवा वरच्या झाकणांवरून काहीच कळत नाही. प्लगच्या भोकातून काडी घालून स्ट्रोक मोजायला सांगणारे शहाणे भेटतील, पण दोघांचा स्ट्रोक एकच, त्यामुळे ते मोजून काय उपयोग? खरं उत्तर ब्लॉकवर ओतलेलं असतं. ड्रायव्हरच्या बाजूला, मागे, गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कडेवर वरून बघ. वायरब्रशने घास, खडू फिरव, नंबर उठून दिसतो. १४०९३६३८ असेल तर एकसंध सीलचा ३५०. ३९७००१० असेल तर जुना, दोन तुकड्यांच्या सीलचा. नंबर वाचून झाल्यावरच भावाचं बोल.

नवं बांधलेलं, खोक्यातून येणारं इंजिन घ्यायचं म्हटलंस तर मी अडवणार नाही. शेव्हरोलेचं झेडझेड६ त्यात चांगलं, ४०५ हॉर्सपॉवरचं. पण मघाचा अ‍ॅक्सल आठव. आणि स्थानिक दुकानातून बांधून घेणार असशील तर तीन गोष्टी लेखी माग. बोअर किती वाढवला, होनिंग करताना टॉर्क प्लेट लावली का, आणि बेअरिंगच्या मोकळ्या जागा किती आल्या. हे आकडे ज्याच्याकडे लिहिलेले नाहीत त्याने ते मोजलेलेच नाहीत.

इंजिन बसल्यावर चावी फिरवायच्या आधी ऑइल चढव. स्मॉल ब्लॉकचा ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर काढून तिथे प्राइमिंगचा दांडा घाल आणि ड्रिलने फिरव. दांड्याला खाली कॉलर असलेला घे. नुसती सळई घातली तर ऑइल तिथल्याच वाटेने खाली गळतं आणि वरपर्यंत पोचत नाही. क्रँक थोडा थोडा फिरवत राहा, सोळाही रॉकरांवर ऑइल आलेलं डोळ्यांनी बघ, मगच डिस्ट्रिब्युटर परत लाव. एलएसचा पंप क्रँकवरच असल्याने तिथे हे चालत नाही, प्लग काढून स्टार्टरने फिरवत दाब येईपर्यंत थांबावं लागतं.

जुनं ३०५ घाईने परत करू नकोस. दुकानदार जुन्या इंजिनाची अनामत घेतो आणि ते परत करायची मुदत देतो, ती मुदत आधी विचार. परत करण्यापूर्वी त्याच्यावरची फ्लेक्सप्लेट, ऑइलच्या काडीची नळी, टेंपरेचरचे सेन्सर, माउंट, सगळी ब्रॅकेटं आणि त्यांचे बोल्ट काढून वेगवेगळ्या पिशव्यांत भर, प्रत्येक पिशवीवर मार्करने लिही. नवं इंजिन चार-पाचशे मैल चालून, पहिलं ऑइल बदलून, फिल्टर कापून बघितल्यावरच जुनं हातचं सोडायचं. या शनिवारी कॉम्प्रेशनचे आठ आकडे आणि एअर डॅमचा एक फोटो मला पाठव. ते बघून मग ठरवू, यार्डात जायचं की नाही.